पुस्तकाबरहुकूम

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी वर्कशॉपच्या दारात उभं राहून पिनबॉलचं मशीन हवं असल्याचं सांगितलं, तेव्हा मिस्त्रींनी हातातला पाना खाली न ठेवताच उत्तर दिलं, "होऊन जाईल." हे दोन शब्द ते गेली तीस वर्षं म्हणत आले होते. अडकलेली लिफ्ट असो, बंद पडलेला पंप असो की भलतंच वजन दाखवणारा काटा, मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असायचं. विशेष म्हणजे बहुतेक वेळा ते खरंच होऊन जायचं, त्यामुळे त्यांच्या आत्मविश्वासाला धक्का लागेल असं काही आजवर घडलं नव्हतं.

त्यांचा खरा जीव मात्र पिनबॉलमध्ये होता. उतरती फळी, वरून काच, दांडा ओढून सोडलेली पोलादी गोळी, वाटेत गोळीला उडवून लावणारे बंपर, दिवे आणि घंटा, आणि खाली गोळीला पडू न देणारे दोन फ्लिपर. दुसऱ्यांनी बनवलेल्या अशा शेकडो मशीनच्या पोटात हात घालून मिस्त्रींनी त्यांना पुन्हा चालू केलं होतं. पण पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या दिव्यापर्यंत आपण स्वतः केलेलं एक मशीन असावं आणि त्याच्यासमोर लोकांनी रांग लावावी, ही इच्छा पन्नाशी उलटली तरी तशीच राहिली होती. ती आता ग्रंथपालबाईंच्या रूपाने चालत दाराशी आली होती.

वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती, आणि कपाटांपर्यंत कधीच न येणारी माणसं निदान दारातून तरी आत यावीत, असा बाईंचा बेत होता. विषयही त्यांनीच ठरवला होता. कंदीलवाला. बत्तीस कादंबऱ्यांचा हा नायक हातात कंदील घेऊन गुन्हे शोधायचा, पिस्तूल बाळगायचा नाही आणि काही झालं तरी धावायचा नाही. त्याच्या लेखिकाबाई आता ऐंशीच्या घरात होत्या आणि तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी राहत होत्या. त्यांनी परवानगी दिली होती, पण पत्राच्या शेवटी एक अट घातली होती. उद्घाटनाच्या दिवशी त्या स्वतः येऊन खेळणार आणि पुस्तकात नसलेली एक जरी गोष्ट मशीनमध्ये आढळली, तर कंदीलवाल्याचं नाव आणि चित्र त्याच दिवशी उतरवावं लागणार.

ही पोकळ धमकी नव्हती. काही वर्षांपूर्वी एका खेळणीवाल्याने कंदीलवाल्याला मोटारसायकलवर बसवून पटावरचा एक खेळ काढला होता. लेखिकाबाईंनी आठ दिवसांत तो सगळ्या दुकानांतून उचलायला लावला. मिस्त्रींनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "होऊन जाईल."

"त्यातलं एक तरी पुस्तक वाचलंय का तुम्ही?" त्यांच्या बायकोने विचारलं. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा तिचा व्यवसाय, त्यामुळे मशीनची चित्रं तीच काढणार हे ठरलेलंच होतं.

"मुखपृष्ठं बघितलीत ना."

बायकोने ब्रश पुसला आणि आपल्या थोरल्या भावाला फोन लावला.

दादा म्हणजे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं त्यांनी गावभर पत्रं वाटली आणि उरलेल्या वेळात कंदीलवाला वाचला. कोणत्या पुस्तकात कोणत्या पानावर कोण काय म्हणालं हे त्यांना इतकं पाठ होतं, की ग्रंथपालबाईसुद्धा कपाट उघडण्याआधी त्यांना विचारून घेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिशव्यांत बत्तीस पुस्तकं, एक कात्री आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन ते वर्कशॉपमध्ये हजर झाले.

"भाऊजी, पद्धत सोपी आहे," ते म्हणाले. "मशीनच्या प्रत्येक भागावर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पुस्तकाचा नंबर आणि पानाचा नंबर. ज्याला चिठ्ठी नाही, तो भाग मशीनवर नाही. एवढं केलं की बाई काय, बाईंचा वकील आला तरी बोट ठेवायला जागा मिळायची नाही."

मिस्त्रींना पद्धत पसंत पडली. पसंत पडायला काहीच हरकत नव्हती, कारण अजून कामाला सुरुवात व्हायची होती.

पहिला आक्षेप आवाजावर आला. गोळी बंपरवर आदळली की ठो असा आवाज यावा, अशी मिस्त्रींची योजना होती. दादांनी सातवं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. कंदीलवाल्याच्या जगात गोळीबार नाही. गुन्हेगार समोर आला की तो फक्त खाकरतो आणि त्या खाकरण्याने भल्याभल्यांचं धाबं दणाणतं. झालं, ठो गेला आणि खाकरणं आलं. पण नुसत्या खाकरण्याने भागेना. ते "कोरडं, अधिकाराचं आणि किंचित कंटाळलेलं" असायला हवं होतं, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. मिस्त्रींचं खाकरणं गुन्हेगाराचंच वाटत होतं, म्हणून शेवटी दादांनी स्वतः माइकसमोर उभं राहून बावीस वेळा खाकरून दिलं. त्यातलं एकोणिसावं पसंत पडलं, आणि दादा पुढचे तीन दिवस गरम पाणी पीत राहिले.

नंतर उताराची पाळी आली. कंदीलवाला धावत नाही, तर गोळी धावते कशी, असा दादांचा बिनतोड सवाल होता. मिस्त्रींनी मशीनचे मागचे पाय कमी केले. आता गोळी इतक्या सावकाश खाली येऊ लागली, की मिस्त्री मध्येच जाऊन चहाचं आधण ठेवून येत. एक डाव पाऊण तास चालला आणि तोही अर्धवट सोडावा लागला. शेवटी मिस्त्रींनी हात जोडले, तेव्हा दादांनी दोन दिवस पुस्तकं चाळून एकोणिसाव्यातलं पान अठ्ठ्याऐंशी शोधून काढलं. त्यात कंदीलवाला ओल्या जिन्यावरून घसरतो आणि "नाइलाजाने वेगात" खाली येतो. या एका वाक्याच्या जोरावर मशीनचा उतार परत मिळाला, आणि चारही पायांवर एकोणीस-अठ्ठ्याऐंशी अशा चिठ्ठ्या लागल्या.

मग कंदील. प्रत्येक पुस्तकात ऐन मोक्याच्या वेळी वाऱ्याने कंदील एकदा विझतो आणि अकरा सेकंदांनी पुन्हा पेटतो. दादांनी ते सेकंद घड्याळ लावून वाचून मोजले होते. म्हणून मशीनमध्ये 'वारा' नावाची एक छोटी पट्टी बसवण्यात आली. गोळी तिला लागली की मशीनवरचे सगळे दिवे अकरा सेकंद बंद. खेळणाऱ्याने अंधारात काय करायचं, असं मिस्त्रींनी विचारलं. कंदीलवाला करतो तेच, असं दादा म्हणाले. कंदीलवाला अंधारात स्वस्थ उभा राहून विचार करायचा.

आणि दिवे किती? मिस्त्रींनी दहा धरले होते. पुस्तकं बत्तीस, मग कंदील दहा कसे? बत्तीस कंदील ठरले. बायकोने बत्तीस कंदील रंगवले, पहिल्या तेरांच्या काचा धड आणि पुढच्या सगळ्यांना तडा, कारण चौदाव्या पुस्तकापासून काचेला तडा गेलेला होता.

"दादा, हे खेळायचं मशीन आहे की परीक्षेला बसायचं?" तिने एकदा विचारलं.

"परीक्षाच आहे, बाई. आणि पेपर तपासायला जिने काढलाय तीच येणार आहे."

सगळ्यात शेवटी दादा तळघरापाशी आले. हे मिस्त्रींचं लाडकं काम होतं. फळीच्या वरच्या कोपऱ्यात एक भोक होतं. गोळी त्यात पडली की तीन छोट्या पितळी पायऱ्यांवरून टकटक करत खाली जायची, आणि तिथली विजेवर चालणारी कॉइल तिला फटका मारून पुन्हा वर फेकायची. दादांनी त्या भोकात डोकावून पायऱ्या मोजल्या. त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

"सात," ते म्हणाले.

"काय सात?"

"पायऱ्या. अकरावं पुस्तक, पान एकशे बेचाळीस. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन सात पायऱ्या उतरून तळघरात गेला."

"दादा, तीन काय नि सात काय, गोळी थोडीच मोजत बसणार आहे?"

"मी मोजणार आहे ना." दादांनी चष्मा काढून पुसला. "भाऊजी, बत्तीस पुस्तकं. त्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, सर्कसवाले आहेत, एक हत्तीसुद्धा आहे. आमच्या खात्यातला माणूस एकच आहे. तो एवढ्या सात पायऱ्या उतरतो. त्यातल्या चार तुम्ही कापताय."

मिस्त्रींनी जाता जाता विचारलं, की मग तो वर कोणत्या पानावर येतो. दादांना नेमकी त्याच वेळी कात्री सापडेना. ती शोधत शोधत ते म्हणाले, "तुम्ही पायऱ्या करा. वर यायचं मी बघतो."

मिस्त्रींनी सात पायऱ्या केल्या. कॉइल तीच ठेवली, कारण त्या मापाची दुसरी मिळत नव्हती, आणि गुरुवारी सगळ्यांसमोर चाचणी घेतली. गोळी टकटक करत सात पायऱ्या उतरली, कॉइलने धाडकन फटका मारला आणि गोळी सातही पायऱ्या ओलांडून वर आली. मिस्त्रींनी कुणाकडे न बघता हात पुसले. दादांनी पायऱ्यांवर अकरा-एकशे बेचाळीस अशी चिठ्ठी लावली. कॉइलवरही एक लावली, पण बायकोच्या लक्षात आलं की ती कोरी आहे. नंबर नंतर घालणार असेल, असं समजून ती रंगाकडे वळली.

दिवे शनिवारी आले. बत्तीसच्या बत्तीस बसवून होईतो टेम्पो दारात उभा राहिला. दादांनी तेवढ्यात दोन डाव खेळून बघितले, पण त्यांचा फ्लिपर हलण्याआधीच गोळी गतप्राण व्हायची, तिथे तळघरापर्यंत पोचणार कुठून. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासून झालेला आहे, असं मिस्त्रींनी ठासून सांगितलं, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या मोठ्या दालनात पाऊल ठेवायला जागा नव्हती. लेखिकाबाई काठी टेकत आल्या. भाषण करू पाहणाऱ्या अध्यक्षांना त्यांनी हातानेच थांबवलं आणि सरळ मशीनपाशी गेल्या. चिठ्ठ्या अजून जागच्या जागी होत्या, तपासणीआधी त्या काढायला दादांनी साफ नकार दिला होता. बाई मशीनभोवती एक पूर्ण फेरी मारून एकेक चिठ्ठी वाचत होत्या, काचेखालच्या चिठ्ठ्यांसाठी खाली वाकत होत्या. दादा एका खांबाला टेकून उभे होते, आणि मिस्त्रींना पहिल्यांदाच आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. चित्र उतरवलं, तर खाली उरणार होतं ते एक खाकरणारं लाकडी खोकं. त्यासमोर कुणी रांग लावली नसती.

बाईंनी दांडा ओढला. गोळी बंपरवर आदळली आणि मशीन मोठ्याने खाकरलं. पलीकडे पेपर वाचणाऱ्या चार-पाच जणांनी दचकून पेपर खाली केले, ग्रंथपालबाईंचा हात सवयीने 'शांतता राखा' या पाटीकडे गेला.

"खाकरणं बरोबर आहे," लेखिकाबाई म्हणाल्या. दादांचे कान लाल झाले.

मग गोळी तळघरात पडली. टक, टक, टक, सात वेळा. कॉइल वाजली, पण गुरुवारसारखी धाडकन नाही. गोळी चार पायऱ्या चढली, पाचवीच्या कडेवर जरा रेंगाळली आणि परत खाली गेली. पुन्हा चार, पुन्हा खाली.

"येईल," मिस्त्री म्हणाले. "नवीन आहे ना, जरा लाजतंय."

मशीनचा नियम असा होता, की अर्धा मिनिट गोळी दिसली नाही तर ती गेली असं समजायचं आणि दुसरी पाठवायची. दुसरी आली. लेखिकाबाईंना आतापर्यंत फ्लिपरचा अंदाज आला होता. त्यांनी नेम धरून ती थेट तळघरात घातली. तिसरीही तिथेच, चौथीही. पाचवी दोनदा हुकली, पण बाईंनी तिलाही पिच्छा पुरवून सात पायऱ्या उतरायला लावल्या. आता पाचही गोळ्या खाली होत्या, आणि आतून नुसते चढण्या-घसरण्याचे आवाज येत होते. गर्दीत कुजबूज सुरू झाली. मिस्त्री पेचकस काढून पुढे झाले आणि म्हणाले, किरकोळ बिघाड आहे, दोन मिनिटांत काढतो.

"बिघाड?" बाईंनी काठी आडवी धरली. "हात लावू नका. अगदी पुस्तकाबरहुकूम आहे. अकराव्या पुस्तकातला पोस्टमन तळघरात जातो तो वर येतच नाही."

मिस्त्रींनी दादांकडे बघितलं. दादा खांब सोडून पुढे आले होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, बाई?" ते म्हणाले. "मी एकोणीस पत्रं लिहिली तुम्हाला. दरवर्षी एक, वेड्या माणसासारखं तेच तेच विचारत. तो पोस्टमन कुठे गेला?"

"तुम्ही होय ते." बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "मिळाली सगळी. जपून ठेवलीयत. उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. विसरले मी त्याला. छापखान्याचा माणूस दारात बसला होता, शेवटची पानं घाईत लिहिली आणि पोस्टमन खालीच राहिला. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला कळलं. लाज वाटली हो. म्हटलं, एकच वाचक आहे, विसरेल. दुसऱ्या वर्षी पुन्हा पत्र."

एकोणीस वर्षं दादांनी त्या पोस्टमनची नाना कारणं शोधली होती. तळघराला दुसरं दार असेल, तो वेष बदललेला गुप्त पोलीस असेल, चोविसाव्या पुस्तकातला मुका माळी तोच असेल. बाई त्याला नुसत्या विसरल्या असतील, हे एकच कारण त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. ते जवळच्या बाकावर बसले.

"मला वाटलं होतं, सही मिळाली नसेल," ते हळूच म्हणाले. "रजिस्टर पत्र होतं. घर रिकामं होतं असं तुम्हीच लिहिलंय. पोचपावतीवर सही मिळाल्याशिवाय आमचा माणूस कसा परतणार? थांबला असेल तिथे."

मिस्त्रींच्या बायकोला साहित्यातलं कळत नसेल, पण भाऊ कळत होता. त्याचा चेहरा तिला बघवेना. शिवाय मघापासून तिला एक गोष्ट खटकत होती. गुरुवारी कॉइल धाडकन वाजली होती आणि आज नुसती कण्हत होती. घरी इस्त्री लावली की पंखा मंदावतो, तसाच हा आवाज होता. गुरुवारी दिवे कुठे होते? ती पुढे झाली, मिस्त्रींच्या खिशातून किल्ली काढली, काच सरकवली आणि वाऱ्याच्या पट्टीवर बोट दाबलं.

बत्तीसही कंदील विझले. दिव्यांकडची सगळी वीज कॉइलला मिळाली, आतून धाडकन आवाज आला आणि पहिली गोळी उसळून बाहेर पडली. पाठोपाठ दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. पाचही बंपरवर आदळल्या आणि त्या काळोख्या मशीनमधून दादा लागोपाठ पाच वेळा खाकरले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"मी तेच करणार होतो," मिस्त्री म्हणाले.

दिवे लागले तेव्हा दादा हसत होते. मग एकाएकी त्यांचं हसू मावळलं, कारण लेखिकाबाई वाकून, काच सरकल्यावर भोकातून दिसू लागलेली कॉइलवरची चिठ्ठी बघत होत्या.

"ही कोरी का?"

मिस्त्रींना आत्ता कुठे उलगडा झाला. मशीन बंद पडलं होतं तोवर पुस्तकाशी तंतोतंत जुळत होतं. दुरुस्त झालं आणि अट मोडली. पोस्टमन वर येतो असं बत्तीस पुस्तकांत कुठेच नव्हतं.

दादा उठून उभे राहिले. "ती माझी चूक आहे, बाई. चूक म्हणजे, मुद्दाम केली. बाकी सगळं पानावर बोट ठेवून करून घेतलं. एवढं एकच पुस्तकाबाहेरचं मी राहू दिलं, कारण त्याला वर आणायला दुसरं कुणी नव्हतं. भाऊजींना यातलं काही माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं मशीन केलंय त्यांनी. चित्र उतरवायचं तर उतरवा, पण मशीन वाईट आहे असं म्हणू नका."

मिस्त्रींनी हातातला पेचकस खिशात घातला आणि ते दादांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

लेखिकाबाईंनी दादांच्या हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागून घेतला, वरच्या कोऱ्या चिठ्ठीवर सही केली आणि ती त्यांच्या हातात ठेवली.

"ही घ्या त्याची पोचपावती. उशीर झाला, पण मिळाली. आता तो येऊ शकतो वर." मग त्या ग्रंथपालबाईंकडे वळल्या. "अट म्हणजे अट. पुस्तकात नसलेली गोष्ट मशीनमध्ये आहे. चित्र आणि नाव झाकून टाका. उतरवू नका, झाका. पुस्तकात ती गोष्ट आली की मी कळवते."

म्हणून पुढचे आठ महिने कंदीलवाल्याच्या चित्रावर आणि नावावर जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. लोकांचं काही अडलं नाही. ते रांग लावत, कागदाखाली काय आहे ते एकमेकांच्या कानात सांगत आणि तळघरात पाचही गोळ्या घालून वाऱ्याची वाट बघत. त्यासाठी एक गोळी बाहेर उरायला हवी, म्हणून मिस्त्रींनी सहावी घातली होती. रांगेच्या टोकाला ते रोज संध्याकाळी विनाकारण उभे असत. खाकरण्याच्या आवाजाची पेपर वाचणाऱ्यांना इतकी सवय झाली, की मशीन बंद असलं तर तेच खाकरून दाखवत.

नवव्या महिन्यात तेहतिसावं पुस्तक आलं. पहिली प्रत दादांच्या घरी रजिस्टर पोस्टाने आली. त्यांनी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली, आणि पुस्तक घेऊन आलेल्या पोस्टमनला त्यांनी चहा प्यायल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्याच दिवशी ग्रंथपालबाईंनी वर्तमानपत्रं काढली आणि मिस्त्रींच्या मशीनवर कंदीलवाला पुन्हा उजेडात आला.

दोन दिवसांनी दादा वर्कशॉपमध्ये आले. काखेत तेहतिसावं पुस्तक होतं, त्यात चिठ्ठी खोचलेली होती, आणि चेहरा गंभीर होता.

"कसं आहे?" बायकोने विचारलं. "येतो ना वर?"

"येतो. फार सुंदर येतो. कंदील विझतो, अंधार होतो आणि तो सातही पायऱ्या चढून, सही झालेली पोचपावती हातात घेऊन वर येतो. मी तीनदा वाचलं." दादांनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. "पण पान दोनशे सहा बघ. तो वर येतो तेव्हा कंदीलवाला चार वेळा खाकरतो. मशीनमध्ये पाच वेळा आहे."

मिस्त्री लगेच उठले आणि पेचकस शोधू लागले. "एवढंच ना? एक खाकरणं कमी करायचं. होऊन जाईल."

"भाऊजी, मशीनला हात लावायचा नाही," दादा म्हणाले. "मशीन बरोबर आहे. पुस्तक चुकलंय."

आणि मिस्त्रींच्याच टेबलावरची हत्यारं बाजूला सारून त्यांनी कागद पुढे ओढला, वर तारीख घातली आणि लेखिकाबाईंना विसावं पत्र लिहायला घेतलं. या वेळी उत्तर चौथ्या दिवशी आलं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करते, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली, दादांच्या चिठ्ठ्यांवर असतो तसा, पुस्तकाचा आणि पानाचा नंबर होता.